उपचार करणाऱ्या डॉक्टरला मुलाच्या जुन्या अत्याचार प्रकरणाची कागदपत्रं मिळू शकतात का? (सोलापूर)

बाळदवाखाना यांचा प्रश्न

नमस्कार. मी बालरोगतज्ज्ञ आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझा छोटा दवाखाना आहे. येणारी बहुतेक मुलं यंत्रमागावर नाहीतर विड्या वळण्याच्या कामावर असलेल्या घरांतली. बाहेरच्या बाकावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच वेळी चालू असतं. प्रश्न कायद्याचा आहे, पण माझं घोडं उपचारापाशी अडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलीची ओळख पटू नये म्हणून वय, नातं आणि इतर काही तपशील बदलले आहेत.

मुलगी साधारण आठ वर्षांची. सीमेपलीकडच्या एका जिल्ह्यातून काही महिन्यांपूर्वी आजीकडे राहायला आली. आई-वडील सोबत नाहीत. तक्रार पोटदुखीची. माझ्याकडे येण्याआधी वेगवेगळ्या डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन झालंय. रात्री अंथरूण ओलं होतं, आणि आजी म्हणते की ही सवय तिची चौथ्या वर्षीच सुटली होती. वजन वाढत नाही. मी स्टेथोस्कोप हातात घेतला की ती दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरते.

दुसऱ्या खेपेला नर्सने तिला बाहेर चित्रं रंगवायला बसवलं, तेव्हा आजी तुटक्या मराठीत बोलली. तिकडे केस झाली होती, पोलीस आले होते, मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, मग समितीने पोरगी माझ्या ताब्यात दिली. काय झालं, कुणी केलं, हे ती बोलली नाही आणि मी खोदून विचारलं नाही. तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाबरोबर एक कन्नड कागद आहे, त्यावर बालकल्याण समितीचा शिक्का आहे. माझ्या कंपाउंडरला कन्नड येतं, पण हा कागद त्याच्याकडून वाचून घेणं मला पटलं नाही. त्याच गल्लीत राहतो तो. एका कन्नड डॉक्टर मैत्रिणीकडून वाचून घेतला. त्यात ताबा आजीकडे दिल्याचं आणि अधूनमधून पाहणी होईल एवढंच आहे, वैद्यकीय काही नाही.

आता मला काय हवंय ते सांगते. त्या वेळी एचआयव्हीची तपासणी झाली का? प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या का, आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण झाल्या का? सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा पुढच्या तपासण्यांपैकी कुठल्या राहिल्या? व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची चाचणी? हिपॅटायटिस बी चे डोस? आजी म्हणते "रात्रीची पांढरी गोळी" महिनाभर दिली होती. पाकीट नाही, नाव नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शारीरिक तपासणी नीट होऊन लिहून ठेवलेली आहे का? असेल, तर मला या मुलीला त्यासाठी पुन्हा हात लावायचा नाही. नसेल, तर पोटदुखीचा विचार मला वेगळ्या अंगाने करावा लागेल.

जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाला फोन केला. उत्तर मिळालं, "एमएलसी (पोलिसांत नोंद असलेलं वैद्यकीय प्रकरण) आहे, कागद देता येत नाहीत." तिकडच्या कार्यालयात फोन केला. "गोपनीय आहे." गोपनीय असायलाच हवं, त्यावर माझं दुमत नाही. या पोरीचं नाव पेठेतल्या चार तोंडी गेलं तर तिची शाळा सुटेल हे मलाही कळतं. पण गोपनीयतेची भिंत बाजारापासून तिला वाचवायला आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या माणसाला भिंतीबाहेर ठेवलं की शेवटी तिलाच पुन्हा सगळं सांगावं लागतं. ते मला नकोय.

तर विचारायचं हे की उपचार करणाऱ्या डॉक्टरला ही कागदपत्रं मागण्याचा काही हक्क आहे का? नसेल, तर कायदेशीर रस्ता कोणता?

---

होटगीरोड_जीपी

मॅडम, तुमची कळकळ समजते. मी बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. जुन्या केसचे कागद मागवू नका. ते तुमच्या टेबलावर आले की तुम्ही साक्षीदार झालात. उद्या समन्स येईल, ओपीडी सोडून परराज्यातल्या कोर्टात तारखांना उभं राहावं लागेल. रुग्ण आज जसा आहे तसा तपासा, लक्षणांवर उपचार करा, लागलं तर सिव्हिलला रेफर करा. केस आधीच पोलिसांत आहे म्हणजे तुमची कळवण्याची जबाबदारीही नाही.

---

बाळदवाखाना

सर, समन्सची भीती मीही ओळखते. पण लक्षणांवर उपचार तर आधीच्या डॉक्टरांनी केलेच की. म्हणून तर एवढ्यात तिच्या पोटात इतक्या वेळा अल्बेंडाझोल, म्हणजे जंताचं औषध, गेलं. सिव्हिलला पाठवलं तर तिथले निवासी डॉक्टर काय करतील? केसपेपर काढतील आणि पहिला प्रश्न विचारतील, "काय झालं होतं?" रांगेत, दहा माणसांसमोर. आमच्या सिव्हिलची ओपीडी तुम्ही पाहिलीय. निम्मा सोलापूर जिल्हा आणि शेजारच्या जिल्ह्यांतले रुग्ण तिथे येतात, तिथल्या डॉक्टरांना बाजूला घेऊन बोलायला वेळ कुठून मिळणार? रेफर करायचंच झालं तरी सोबत कागद असला तर तो प्रश्न वाचेल.

शिवाय एका गोष्टीवर मी तुमच्याशी सहमत नाही. जुनी केस नोंदलेली आहे म्हणून आज काही नवीन दिसलं तर गप्प बसायचं, असं होत नाही. वकील मंडळींनी यावर सांगावं.

---

पाच्छापेठ_वकील

डॉक्टर, तुम्ही सगळ्या कागदांना एकच समजून मागताय, म्हणून दोन्हीकडून नकार मिळतोय. ही तीन वेगळी कपाटं आहेत आणि तिन्हीच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे आहेत.

आधी समितीचे कागद. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९९ म्हणतं की समितीपुढे आलेले मुलाविषयीचे सगळे अहवाल गोपनीय. समितीला योग्य वाटलं तर ती त्यांचा सारांश दुसऱ्या समितीला किंवा बाल न्याय मंडळाला, खुद्द मुलाला, किंवा पालकाला कळवू शकते. या यादीत उपचार करणारा डॉक्टर नाही. म्हणजे तुमच्या नावाने, तुमच्या लेटरहेडवर मागाल तर तिथला कारकून नाही म्हणणार आणि तो नियमाला धरूनच असेल. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा. पीडित व्यक्तीला तिच्या प्रकरणाचे कागद, आदेश आणि संबंधित दस्तऐवज नाकारता येणार नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. "या कायद्यात दुसरं काहीही असलं तरी" अशी त्याची सुरुवात आहे, इतकं ते ठाम आहे. हक्क मुलीचा आहे. तुम्ही त्या हक्काच्या पाठीशी उभं राहायचं.

आता रुग्णालयाचे कागद, आणि तुम्हाला खरं तर हेच हवे आहेत. इथे "एमएलसी आहे म्हणून देत नाही" हे उत्तर टिकत नाही. वैद्यकीय व्यावसायिकांची २००२ ची आचारसंहिता तुम्हालाही माहीत असेल. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत सोबत्याने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या प्रकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत तर वैद्यकीय-कायदेशीर तपासणी अहवालासह सगळ्या कागदांची प्रत पीडित व्यक्तीला विनामूल्य द्यावी असं आहे. आजी समितीच्या आदेशाने ताबाधारक आहे, म्हणून अर्ज तिच्या सहीने किंवा अंगठ्याने जाऊ द्या. सोबत समितीच्या आदेशाची प्रत, तिचं आधार, आणि तुमचं एक पत्र की ही मुलगी माझ्या उपचाराखाली आहे आणि अमुक माहिती उपचारासाठी लागते. फोनवर कुणीही काही देणार नाही. देऊही नये.

तिसरं कपाट पोलीस आणि न्यायालयाचं. एफआयआरची प्रत पीडित व्यक्तीला विनामूल्य मिळते. दोषारोपपत्राची प्रतही वकिलामार्फत मिळू शकते. पण डॉक्टर, हे तुम्हाला लागत नाही. मुलीचा दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब तर चुकूनही मागू नका. पोट कशाने दुखतं ते त्यातून कळणार नाही, आणि तो कागद तुमच्या कपाटात असणं हीच एक नवी जोखीम.

होटगीरोड सरांच्या मुद्द्यावर. पोक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची धास्ती वाटत असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने कळवलं तर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. जुनी केस चालू असणं ही यातली पळवाट नाही. आज नवीन खूण दिसली, मुलगी नवीन काही बोलली, तर ती नवीन माहिती. तेव्हा जुने कागद यायची वाट पाहत बसायचं नाही, आणि पुरावा गोळा करणं हे डॉक्टरचं काम नाही.

---

सोलापूरकर_७७

कुठल्या गावची मुलगी आहे? विजापूर साईडला माझी ओळख आहे, सांगितलं तर दोन दिवसांत फाईलच काढून देतो. नाहीतर माहिती अधिकारात अर्ज टाका, झक मारत देतील.

---

बाळदवाखाना

दादा, मदतीची तयारी दाखवलीत त्याबद्दल आभार. गाव मी सांगणार नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका. ओळखीने फाईल निघते याचा अर्थ ती कुणाच्याही ओळखीने निघते. उद्या आरोपीच्या बाजूच्या माणसाचीही ओळख निघेल. मला त्या वाटेने काहीच नको.

---

पाच्छापेठ_वकील

अगदी बरोबर. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार यांतलं काहीही कुठल्याही माध्यमात उघड करायला मनाई आहे. इथे लिहितानाही ते डोक्यात ठेवू या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात हे आणखी कडक केलं.

माहिती अधिकाराचा इथे उपयोग नाही. अर्जदार कुणीही असू शकतो, म्हणून खासगी माहितीला कलम ८ चा अपवाद लागतो आणि तो लागायलाच हवा. त्या वाटेने कागद मिळाले असते तर ते शेजाऱ्यालाही मिळाले असते.

---

सोबतीण

डॉक्टरताई, मी पोक्सो प्रकरणांत सहायक व्यक्ती म्हणून काम करते. समिती आम्हाला मुलासोबत नेमते. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट सगळीकडे आम्ही बरोबर जातो. वकीलसाहेबांनी रस्ता नीट सांगितला. मी त्यात प्रत्यक्ष कामातलं काही घालते.

पहिलं विचारा की त्या मुलीला तिकडे सहायक व्यक्ती नेमली होती का. आजीला त्या शब्दाने कळणार नाही. "दवाखान्यात आणि कोर्टात तुमच्याबरोबर कोण बाई यायची?" असं विचारा. बहुतेक वेळा आजीच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर असतो, फक्त तो "मॅडम" नावाने सेव्ह असतो. त्या बाईला कुठली तपासणी कुठे झाली, कुठली राहिली हे तोंडपाठ असतं. तीही गोपनीयतेला बांधलेली आहे, म्हणून ती तुम्हाला फोनवर सगळं सांगणार नाही. पण अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवला की हलतो, हे ती आजीला नक्की सांगेल.

दुसरं. मुलगी आता सोलापुरात राहते, मग सोलापूरच्या बालकल्याण समितीला हे माहीत आहे का? माझा अनुभव असा की मूल जिल्हा बदलतं आणि कागद मागेच राहतात. तिकडची समिती पाहणीसाठी माणूस पाठवणार कुठे? इथल्या समितीला पत्ताच नसतो. तुम्ही इथल्या समितीला लिहू शकता. बाल न्याय कायद्याच्या कलम ३१ मध्ये मुलाला समितीपुढे आणू शकणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर आणि नर्स आहेत. इथल्या समितीने तिकडच्या समितीकडे मागितलं की कलम ९९ चा अडथळा उरत नाही, कारण समितीने समितीला सारांश कळवणं त्या कलमातच आहे. मग इथली समिती तुम्हाला उपचारापुरतं पत्र देऊ शकते.

तिसरं, आणि हे जरा जड आहे. अर्ज आजीच्या हातून जाणार, तर आजी कोण आहे याची खात्री करा. म्हणजे आजीवर संशय घ्या असं नाही. पण त्याच घरात आणखी कोण राहतं, कोण येतं-जातं, ज्याच्यावर आरोप आहे त्याचा या घराशी संबंध आहे का, हे समितीने पाहिलेलं असतं. तुम्हाला माहीत नसतं. टपालाने आलेला अहवाल घरी कुणी उघडला तर? म्हणून उत्तराचा पत्ता घरचा देऊ नका. दवाखान्याचा द्या, "डॉक्टरांनी स्वतः उघडावे" असं लिहून, किंवा आजीने हातोहात घ्यावं.

आणि ताई, तुमच्या स्वतःच्या केसपेपरचं काय करताय? मी एके ठिकाणी पाहिलंय, केसपेपरच्या डोक्यावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत "पोक्सो" लिहिलेलं. तो कागद मुलाच्या हातात, आणि मूल एक्स-रेच्या रांगेत. त्या पोराच्या आईने तो घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला होता. पुढच्या तारखेला ती आलीच नाही.

---

बाळदवाखाना

ताई, तुमचं शेवटचं वाचून मी लगेच जाऊन बघितलं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये निदानाचा रकाना रिसेप्शनच्या स्क्रीनवरही दिसतो. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी विश्वासाची आहे, पण तो स्क्रीन काउंटरच्या बाहेर उभा असलेला पालकही वाचू शकतो. या मुलीच्या नोंदीत आता फक्त "पोटदुखी, तपास चालू" आहे. बाकीचं वेगळ्या वहीत, माझ्या कुलपात.

कलम ३१ मध्ये डॉक्टरचं नाव आहे हे मला ठाऊकच नव्हतं. एमडीच्या तीन वर्षांत पोक्सोवर व्याख्यान झालं, ते सगळं नमुने कसे घ्यायचे, कशात सील करायचे, पोलिसांना कसे द्यायचे यावर होतं. ते शिकवायलाच हवं. पण मूल नंतर वर्षानुवर्षं साध्या डॉक्टरकडे ताप, खोकला, पोटदुखी घेऊन येत राहतं, त्या डॉक्टरने काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही.

---

लीड्समधून_सोलापूरकर

मी सोलापूरच्याच मेडिकल कॉलेजचा, आता इंग्लंडमध्ये बालरोग विभागात आहे. इकडची पद्धत सांगतो, तुलना म्हणून नाही, तर तुमचा प्रश्न सोडवायला किती थोडी माहिती पुरते ते दिसावं म्हणून.

इथे मूल आपत्कालीन विभागात आलं आणि ते सरकारी बालसंरक्षण योजनेखाली असलं, तर आम्हाला संगणकावर तशी खूण दिसते. त्यात काय घडलं, कुणी केलं यातलं काही नसतं. योजना आहे, अमुक स्थानिक प्रशासनाची आहे, आणि समाजसेवकांच्या पथकाचा हा संपर्क, एवढंच. आम्ही ती नोंद उघडली की मूल रुग्णालयात येऊन गेल्याचं त्या पथकाला आपोआप कळतं. म्हणजे माहिती दोन्हीकडे जाते.

यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये मारली गेली. त्याआधीच्या जुलैमध्ये ती काही दिवसांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत येऊन गेली होती. पहिल्या ठिकाणी अंगावरच्या खुणा खरजेच्या ठरवल्या गेल्या, आणि त्या निदानाची सावली पुढच्या सगळ्यांच्या निर्णयांवर पडली. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. डॉक्टर, पोलीस आणि समाजसेवक यांच्याकडे तुकडे होते, ते जोडले गेले नाहीत, हे त्यात पानोपानी दिसतं. बाळदवाखाना मॅडम, तुमच्या पेशंटला परत परत दिलेलं जंताचं औषध वाचून मला त्या खरजेची आठवण झाली.

---

न्यूजर्सी_नर्स

अमेरिकेबद्दल थोडक्यात. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना निधी मिळतो, त्यात अट आहे की बाल अत्याचाराच्या तक्रारींच्या नोंदी गोपनीय ठेवायच्या आणि कुणाला उघडायच्या ते राज्याने ठरवायचं. बऱ्याच राज्यांच्या कायद्यात त्या यादीत मुलाला तपासणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर नावानिशी आहे. पण त्यालाही अटी आहेत. तक्रार कुणी केली त्याचं नाव सहसा झाकलेलं असतं, आणि मिळालेली माहिती डॉक्टरने पुढे फोडली तर तो स्वतः कायद्याच्या कचाट्यात येतो. आमच्याकडे नोंदवही बघायला मिळते म्हणून सगळं सुरळीत आहे असं समजू नका. चुकीने नाव चढलेल्या पालकांचा त्रास हा इथला मोठा वाद आहे.

---

पाच्छापेठ_वकील

ही शेवटची बाब महत्त्वाची. आपल्याकडे डॉक्टरने नाव टाकून बघावं अशी नोंदवही नाही. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती दोषी ठरलेल्यांची, आणि फक्त पोलीस यंत्रणेसाठी. मुलांची तशी यादी करून ती दवाखान्यांना उघडी करावी असं मला वाटत नाही. सोलापूरसारख्या गावात दोन महिन्यांत ती मोबाइलवर फिरेल. पण कलम ९९ च्या यादीत, समितीच्या परवानगीने आणि उपचारापुरतं, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव असायला हवं, हे मला पटतं.

---

होटगीरोड_जीपी

कलम १९ विषयी वाचलं. नवीन माहितीचा मुद्दा मान्य. मॅडम, अर्जाचा मजकूर इथे टाकलात तर आमच्यासारख्यांनाही उपयोगी पडेल.

---

बाळदवाखाना

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण मधे कागद फिरत होते.

अर्ज आजीच्या नावाने केला. कन्नडमध्ये मैत्रिणीने लिहिला, इंग्रजी प्रत सोबत. मराठीत त्याचा गाभा असा होता: "समितीच्या आदेशानुसार सदर बालिका माझ्या ताब्यात आहे. ती सध्या सोलापूर येथे उपचार घेत आहे. तिची पुन्हा तपासणी करावी लागू नये आणि राहिलेल्या चाचण्या वेळेत व्हाव्यात यासाठी तिच्या वैद्यकीय नोंदींची प्रत मिळावी: रक्ततपासण्यांचे अहवाल व तारखा, दिलेली औषधे व कालावधी, लसीकरण, आणि शारीरिक तपासणी झाली असल्यास तिचा वैद्यकीय निष्कर्ष. घटनेचे वर्णन, जबाब किंवा आरोपीविषयीची माहिती आम्ही मागत नाही." शेवटचं वाक्य वकीलसाहेबांच्या सल्ल्याने घातलं, आणि मला वाटतं त्याच वाक्याने काम झालं. ज्या रुग्णालयाने फोनवर नाही सांगितलं होतं तिथल्याच अधिकाऱ्याने लिफाफा सीलबंद करून आजीच्या हातात दिला. "मॅडम" नावाने सेव्ह असलेल्या बाई सोबत गेल्या होत्या. सोबतीणताई, तुम्ही म्हणालात तसा तो नंबर खरंच निघाला.

आतून काय निघालं ते इथे सगळं लिहिणार नाही. उपचारापुरतं सांगते. प्रतिबंधक गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि पूर्ण झाल्या, म्हणजे ती रात्रीची पांढरी गोळी कोणती ते कळलं. एचआयव्हीच्या पहिल्या दोन चाचण्या निगेटिव्ह. तीन महिन्यांची चाचणी झालीच नाही, कारण तेव्हा ती सोलापूरला आली होती आणि तिकडून कुणी इकडे कळवलं नाही. सहा महिन्यांची वेळ आता आलीय, ती सिव्हिलच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) करून घेतेय. तिथल्या समुपदेशकांशी आधीच बोलून ठेवलं, त्यामुळे मुलीला तिथे कुणी काही विचारणार नाही. लहानपणचे पेंटाव्हॅलंट लसीचे डोस कार्डावर पूर्ण दिसतात, त्यात हिपॅटायटिस बी येतं.

शारीरिक तपासणी महिला डॉक्टरने, व्यवस्थित, सगळं लिहून केलेली आहे. मला ती पुन्हा करायची गरज नाही. हे मी मुलीला आजीच्या समोर सांगितलं. म्हटलं, मी फक्त पोट, छाती, घसा आणि वजन बघणार, आणि तू नाही म्हणालीस तर त्यातलंही थांबवणार. पोटाच्या सोनोग्राफीत काही नाही. जंताचं औषध पूर्ण बंद. बद्धकोष्ठता होती, तिच्यावर उपचार चालू आहेत. अंथरूण ओलं होण्याचं एक कारण तेही असतं, हे पालकांना क्वचितच माहीत असतं. बाकीचा भाग औषधाचा नाही आणि तो माझ्या एकटीच्या आवाक्यातला नाही.

इथल्या समितीला माझं पत्र दिलं, आवक शिक्का घेतला. त्यांनी तिकडच्या समितीला लिहिलंय. उत्तर यायचं आहे.

आता अडलंय ते भाषेपाशी. तिला समुपदेशनाची गरज आहे, पण ती मनातलं फक्त कन्नडमध्ये बोलते, आणि मला ज्या समुपदेशक माहीत आहेत त्या मराठी किंवा हिंदीत बोलतात. आजीला दुभाषी म्हणून मध्ये बसवायचं नाही. आजीसमोर ती काही बोलणार नाही आणि तिला बोलायला लावूही नये. कन्नड येणारं कुणी आहे का?

---

सोबतीण

ताई, कोर्टासाठीच दुभाषी मिळतो असं अनेकांना वाटतं, म्हणून कुणी मागत नाही. पोक्सो नियम २०२० मधल्या नियम ५ प्रमाणे जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे दुभाषे, अनुवादक, तज्ज्ञ आणि सहायक व्यक्तींची नोंद असते. सोलापूरच्या यादीत कन्नड असायलाच हवं. निम्मं अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर घरी कन्नड बोलतं. समितीला दिलेल्या पत्राचा आवक क्रमांक टाकून एक छोटा अर्ज करा, "कन्नड भाषिक समुपदेशक, महिला, शक्यतो मुलीच्या वस्तीबाहेरची." वस्तीबाहेरची हे नक्की लिहा, नाहीतर ओळखीतलीच कुणी निघते. सोमवारी मी तिकडे जाणार आहे. तुम्ही दुपारची ओपीडी संपवून या, दोघी मिळून देऊ.